आगीवर हुकूम कोणाचा?

(काल्हेर येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



‘अग्निशमन अधिकाऱ्यांचं नेतृत्वप्रशिक्षण’ हा विषय मी कळवला, तेव्हा संयोजकांपैकी एका ज्येष्ठांनी मला फोनवर विचारलं, ‘आमच्या पंचायतीकडे बंब नाही, बंबावरचा साहेब नाही. मग साहेबाला काय शिकवावं हे ऐकून आम्ही करायचं काय?’ प्रश्न रास्त होता. ते दादा इथे समोरच बसले आहेत. आजचं व्याख्यान मी त्यांनाच उत्तर म्हणून देतो आहे, बाकीच्यांनी शेजारी बसून ऐकावं.

पंचायतीकडे बंब का नाही, इथून सुरुवात करू. १९९२च्या दोन घटनादुरुस्त्यांनी पंचायती आणि नगरपालिका यांच्याकडे कोणती कामं द्यावीत याच्या दोन याद्या राज्यघटनेला जोडल्या. नगरपालिकांची बारावी अनुसूची, तिच्यात १८ विषय. त्यातला सातवा अग्निशमन सेवा. पंचायतींची अकरावी अनुसूची, तिच्यात २९ विषय. शेती आहे, पाटबंधारे आहेत, कुक्कुटपालन आहे, ग्रंथालयं आहेत. आग नाही. यादी करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर गाव म्हणजे भाताची खाचरं, विहीर आणि गोठा असणार. खळ्यातल्या उडवीला आग लागली तर शेजारपाजार हंडे-कळश्या घेऊन धावेल, एवढाच हिशेब.

आता भिवंडीजवळचं हे काल्हेर बघा. मुंबईच्या जकातीच्या हद्दीबाहेर माल उतरवून ठेवायचा आणि लागेल तसा आत न्यायचा, या व्यापारी हिशेबातून भिवंडीच्या भोवती गोदामं उभी राहिली. १ जुलै २०१७ला वस्तू आणि सेवा कर आला, जकात गेली, तरी गोदामं गेली नाहीत, उलट वाढली. कारण आता हिशेब जकातीचा उरला नव्हता, महामार्ग, बंदर आणि मुंबईची बाजारपेठ यांच्यामधल्या जागेचा झाला होता. ज्या शेतात तुमच्या आजोबांनी भात लावला तिथे आज एका छपराखाली कापडाचे तागे, मोबाइल, अत्तरं, रंग, थिनर, प्लॅस्टिकचे दाणे आणि औषधं शेजारी शेजारी थप्पी लावून ठेवलेली असतात. कायद्याच्या वहीत हे अजूनही गाव आहे. आगीच्या दृष्टीने मात्र हे बंदर आहे. बंदर हा शब्द मी मुद्दाम वापरतो, कारण पुढे मला एका बंदराचीच गोष्ट सांगायची आहे.

इथे मोठी वर्दी आली की काय होतं ते तुम्हाला माझ्याहून जास्त माहीत आहे. भिवंडी-निजामपूर महापालिकेचा बंब निघतो. खाडीपलीकडून ठाण्याचा येतो. आग वाढली की कल्याण-डोंबिवलीचा, उल्हासनगरचा. रस्त्यावर कंटेनरची रांग आणि मेट्रोचं काम. ग्रामीण भागात पहिला बंब वीस मिनिटांत पोचावा असा केंद्राच्या स्थायी अग्निशमन सल्लागार परिषदेचा निकष आहे. संध्याकाळी सात वाजता अंजूरफाट्यावर उभं राहून तो वाचून बघावा. पोचल्यावर काय? नियोजनाचा अधिकार एमएमआरडीएकडे, म्हणजे मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे. गाव पंचायतीचं. बंब तीन-चार महापालिकांचे. वीज तोडायची तर टोरंट या वीज कंपनीचा माणूस हवा, गर्दी हटवायची तर पोलीस. तहसीलदार येतात, गोदामाचा मालक येतो, भाडेकरू कंपनीचा मॅनेजर येतो, आणि जमिनीचा मूळ मालक तर शेजारीच राहतो. या सगळ्यांत, ‘आत जा’ किंवा ‘बाहेर या’ असं म्हणायचा अधिकार नेमका कोणाला? माझ्या मते अधिकाऱ्याच्या प्रशिक्षणाचा गाभा या प्रश्नात आहे. बाकीचं सगळं कवायत आहे. आवश्यक, पण कवायत.

आता ती बंदराची गोष्ट. १४ एप्रिल १९४४. मुंबईची व्हिक्टोरिया गोदी. ‘फोर्ट स्टिकिन’ नावाचं जहाज दोन दिवसांपूर्वी धक्क्याला लागलेलं. पोटात सुमारे १,४०० टन दारूगोळा आणि स्फोटकं, कराचीला चढवलेल्या कापसाच्या गाठी, आणि सोन्याच्या विटासुद्धा. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीनंतर गोदी कामगार परतले तेव्हा धूर दिसला. पहिले पंप आले, पाणी सुरू झालं. पुढचे जवळजवळ दोन तास त्या जहाजावर काय चाललं होतं? दारूगोळ्याचा जाणकार लष्करी अधिकारी म्हणाला, जहाज जागीच बुडवा, नाहीतर सगळी गोदी उडेल. गोदीच्या व्यवस्थापकांचं मत पडलं, बाहेर खोल पाण्यात ओढून न्या. अग्निशमन दल म्हणत होतं, पाणी मारत राहू, आग आटोक्यात येईल. कप्तानाला ठरवता येईना. शिवाय धक्क्यापाशी पाणी इतकं उथळ की जहाज बुडवलं तरी पुरतं बुडालं नसतं.

गंमत बघा, यातलं एकही मत मूर्खपणाचं नव्हतं. प्रत्येकाला आपापल्या खात्यापुरतं बरोबर दिसत होतं. जहाज कप्तानाचं, धक्का पोर्ट ट्रस्टचा, माल लष्कराचा, आग अग्निशमन दलाची. सगळ्यांची मतं ऐकून एक ठरवणारा आणि ठरलेलं बाकीच्यांकडून करवून घेणारा माणूस तिथे नव्हता, कारण तो कोण असावा हे आधी कोणी ठरवलेलंच नव्हतं. युद्धकाळ होता, एकेका खात्याचे दहा साहेब होते, तरी नव्हतं. ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट झाला. अर्ध्या तासाच्या आत दुसरा. अग्निशमन दलाचे ६६ जण गेले. हातात होज धरलेले गेले. शहरातल्या बळींची संख्या शेकड्यांनी मोजावी लागली.

दलाच्या त्या ६६ जणांच्या स्मरणार्थ देशभर १४ ते २० एप्रिल अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात. संचलन होतं, पुष्पचक्र वाहतात, शाळांतून बंबांची प्रात्यक्षिकं होतात. ते व्हावं. पण प्रशिक्षणाच्या वर्गात हा दिवस शौर्याचा पाठ म्हणून शिकवला जातो, यावर माझा आक्षेप आहे. शौर्य त्या ६६ जणांनी दाखवलंच, त्याला आपल्या शिकवणीची गरज नाही. शिकवायचे ते दोन तास. वर्गात फळ्यावर गोदीचा नकाशा काढावा, एकाला कप्तान करावं, एकाला दारूगोळा अधिकारी, एकाला अग्निशमन प्रमुख, आणि घड्याळ लावून सांगावं: ठरवा. मी हे करून पाहिलं आहे. पहिल्या वीस मिनिटांत वर्गसुद्धा त्याच भांडणात अडकतो. एखादा मुलगा वैतागून विचारतो, ‘पण सर, वरिष्ठ कोण?’ तिथे खरा तास सुरू होतो.

आपल्याकडे शिकवायची सोय नाही असं समजू नका. राष्ट्रीय अग्निशमन महाविद्यालय १९५६मध्ये उत्तर प्रदेशात रामपूरला सुरू झालं आणि पुढच्याच वर्षी नागपूरला आलं. तेव्हापासून देशभरातले स्टेशन ऑफिसर, विभागीय अधिकारी तिथून घडून गेले. देशातल्या पहिल्या महिला अग्निशमन अधिकारी मानल्या जाणाऱ्या हर्षिनी कान्हेकर तिथल्याच, आणि नागपूरच्याच. राज्याची अकादमी मुंबईत कालिन्याला आहे. तिथली मुलं शिडी, दोर, पंप, पाण्याचा दाब, इमारतींचे नियम, रसायनं हे सगळं चोख शिकतात. याची परीक्षा घेता येते, स्टॉपवॉच लावता येतं. शिडी इतक्या सेकंदांत लागली, होज इतक्या सेकंदांत जोडला. निर्णयाला स्टॉपवॉच लावता येत नाही. ड्रिलच्या मैदानावर हुकूम आधीच ठरलेला असतो, देणाऱ्यालाही ठाऊक आणि ऐकणाऱ्यालाही. आगीवर अर्धी माहिती असते, त्यातली निम्मी चुकीची, आणि ती देणारा माणूस घाबरलेला.

त्यात आपली बढतीची वाट बघा. फायरमन, लिडिंग फायरमन, सब-ऑफिसर, स्टेशन ऑफिसर. जो माणूस कालपर्यंत सगळ्यांत पुढे नोझल धरून होता, त्यानेच आजपासून मागे उभं राहायचं. छपराकडे बघायचं, धुराच्या रंगाकडे बघायचं, आत किती जण गेले आणि किती वेळ झाला हे मोजायचं, पाणी किती उरलं ते विचारायचं. हात शिवशिवतात. नोझल हातातून सोडणं हा अधिकाऱ्याचा पहिला धडा, आणि तो बहुतेकांना कोणी शिकवत नाही. दलात ज्याच्या कपड्यांवर काजळी जास्त त्याला मान जास्त. मी स्वतः असा मान दिला आहे आणि घेतलाही आहे.

९ मे २०१५ला काळबादेवीच्या गोकुळ निवास या जुन्या, लाकडी सांगाड्याच्या इमारतीला आग लागली. रहिवासी बाहेर निघाले. आग विझवण्याचं काम चालू असताना इमारत कोसळली. सहायक विभागीय अधिकारी संजय राणे आणि केंद्र अधिकारी महेंद्र देसाई तिथेच गेले. उपप्रमुख सुधीर अमीन आणि मुंबई अग्निशमन दलाचे प्रमुख सुनील नेसरीकर त्याच महिन्यात रुग्णालयात उपचार चालू असताना गेले. चार जण, चौघेही अधिकारी, आणि त्यांत दलाचा सर्वोच्च माणूस. मुंबईच्या दलाने इतका मोठा वार क्वचितच सोसला असेल.

त्या संध्याकाळी कोणी काय करायला हवं होतं, हे मी इथे पंख्याखाली उभा राहून सांगणार नाही. मला तो अधिकार नाही. पण त्या चौघांमुळे दलातल्या प्रत्येक तरुण अधिकाऱ्यापुढे एक प्रश्न उभा राहिला आणि तो टाळणं म्हणजे त्यांचा अपमान ठरेल. साहेबाने कुठे उभं राहावं? पुढे उभा राहिला तर माणसं जीव लावून काम करतात, हे खरं. मागे राहिला तर सगळी आग त्याला दिसते, हेही खरं. म्हणून पुढे-मागे हा वाद मी बाजूला ठेवतो आणि आधीचा प्रश्न विचारतो: आत आता वाचवायचं काय उरलं आहे? आत माणूस असेल तर मोठा धोका पत्करायचा, त्यासाठीच हे दल आहे. माणसं बाहेर आली आणि फक्त माल उरला, तर धोका थोडा. माल जळूनच गेला असेल तर धोका शून्य. वाचायला सोपं वाटतं. पण बाहेर मालक हात जोडून उभा असतो, चॅनेलचा कॅमेरा लागलेला असतो, आणि मागे सरलेल्या अधिकाऱ्याला कोणी सत्कारासाठी बोलावत नाही.

काल्हेरच्या गोदामांत तर हे रोजचं आहे. पत्र्याचं छप्पर, लोखंडी सांगाडा. साडेपाचशे-सहाशे अंश सेल्सिअसला पोलादाची ताकद जवळजवळ निम्मी होते, आणि गोदामाच्या आगीला तेवढं तापमान गाठायला फार वेळ लागत नाही. आत वीस-पंचवीस फूट उंच रॅक, त्यांवर टनावारी खोकी. तुळई वाकली की रॅक कलंडतात, भिंती बाहेरच्या बाजूला पडतात. रात्री दोन वाजता आत कोणी नाही याची खात्री झाल्यावर जळालेल्या मोबाइलच्या खोक्यांसाठी विशीतल्या पोराला आत पाठवणारा अधिकारी मला नको. जेसीबी मागवून भिंत फोडावी, बाहेरून पाणी मारावं, शेजारचं गोदाम वाचवावं, आणि मालकाच्या शिव्या खाव्यात. शिव्या खाणं हेसुद्धा प्रशिक्षणात यायला हवं, हे मी विनोदाने म्हणत नाही.

आता, माणूस असे निर्णय घेतो कसे? १९८०च्या दशकात गॅरी क्लाइन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने अग्निशमन अधिकाऱ्यांच्या मुलाखती घेतल्या. हे लोक दोन-तीन पर्याय समोर ठेवून तुलना करत असतील, असा त्याचा अंदाज होता. तसं काही आढळलं नाही. बहुतेकांना समोरचं दृश्य आधी कधीतरी बघितलेल्या दृश्यासारखं वाटे आणि काय करायचं ते त्याबरोबरच सुचे. एका लेफ्टनंटचा किस्सा त्यात आहे. स्वयंपाकघरातली साधी आग, पाणी मारूनही हटेना, उष्णता जास्त आणि आवाज मात्र कमी. काहीतरी जुळत नव्हतं. त्याने सगळ्यांना बाहेर काढलं. थोड्याच वेळात जमीन खचली. आग खाली तळघरात होती. अनुभव कामाला आला, पण कसला? घरांच्या आगींचा. ज्याने आयुष्यभर चाळी आणि झोपड्यांच्या आगी विझवल्या त्याच्या डोळ्यांना पोलादी गोदाम नवीन असतं. त्याला जे ओळखीचं वाटेल तेच त्याला फसवेल. म्हणून भिवंडीत काम करणाऱ्या अधिकाऱ्याने भिवंडीतल्या आगी नकाशांसह, छायाचित्रांसह पुन्हा पुन्हा अभ्यासल्या पाहिजेत. विझवून झाल्यावर कूलिंग चालू असतानाच बसून बोललं पाहिजे की काय दिसलं, कोणाला दिसलं, आणि त्याने ते साहेबाला सांगितलं का. बहुतेकदा धाकट्याला दिसलेलं असतं आणि त्याने सांगितलेलं नसतं.

आणि हुकूम ऐकणाऱ्यांचं काय? ५ ऑगस्ट १९४९ला अमेरिकेत मोंटाना राज्यात मान गल्च नावाच्या दरीत वणवा विझवायला गेलेली तुकडी आगीत सापडली. वॅगनर डॉज हा तिचा म्होरक्या. पळून उपयोग नाही हे ओळखून त्याने समोरचं गवत स्वतःच पेटवलं आणि जळालेल्या पट्ट्यात आडवं पडायला ओरडून सांगितलं. कोणी ऐकलं नाही. तो वाचला, १३ जण गेले. हुकूम बरोबर होता. पण ती माणसं एक तुकडी म्हणून त्याच्याबरोबर आधी कधी राबली नव्हती, आणि त्यांच्या समजुतीत साहेब वेडा झाला होता.

चार गावांचे कबड्डीपटू सामन्याच्या दिवशी मैदानावरच एकत्र आणले तर साखळी धरताना कोणाचा हात कोणाच्या हातात हे त्यांना कळत नाही. काल्हेरच्या आगीत ठाणे, भिवंडी आणि कल्याणचे जवान असेच एकत्र येतात. वायरलेस वेगळे, पदांची नावं वेगळी, कोणाची होजची जोडणीसुद्धा वेगळी निघू शकते. कॅलिफोर्नियात १९७०च्या वणव्यांमध्ये हीच फजिती झाली, आणि तिच्यातून एका घटनेला एकच आदेशप्रमुख ही पद्धत जन्मली. आपल्याकडे राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१०मध्ये तिचं भारतीय रूप मार्गदर्शक तत्त्वांत छापलं. त्यातला एक नियम मला फार आवडतो: एका माणसाने साधारण पाचच जणांवर देखरेख करावी. आपल्याकडे एका सब-ऑफिसरच्या कानाशी पंधरा जण ओरडत असतात, त्यांतले पाच नगरसेवक. पुस्तिका कपाटात आहे. तिचा सराव फार थोड्या ठिकाणी झाला असेल.

तर दादा, तुमच्या प्रश्नाकडे येतो. तुम्ही काय करायचं?

वर्षातून एक दिवस हे सभागृह द्या. एप्रिलमधल्या सप्ताहाचाच एखादा दिवस घ्या, म्हणजे संचलनाला निघालेले अधिकारी इकडेही वळतील. भिवंडी, ठाणे, कल्याणच्या दलांचे स्टेशन ऑफिसर बोलवा. प्रमुख आले तर उत्तम, पण रात्री दोनला पहिला येणारा स्टेशन ऑफिसरच असतो, तो आलाच पाहिजे. एमएमआरडीएचा माणूस, तहसीलदार, पोलीस ठाण्याचे निरीक्षक, टोरंटचा अभियंता, गोदामांचे मालक. टेबलावर काल्हेरचा नकाशा अंथरा. एक गोदाम पेटलं असं धरा आणि प्रत्येकाला विचारा: तुम्ही पोचलात, पहिलं वाक्य काय बोलाल? पहिला पोचलेला अधिकारी म्हणेल, ‘कमांड माझ्याकडे.’ वरिष्ठ आला की तो काय चाललं आहे ते विचारेल, ऐकेल, आणि मगच सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणेल, ‘आता माझ्याकडे.’ ही दोन वाक्यं तोंडात बसायला एक दिवस पुरत नाही, म्हणून दरवर्षी.

पाण्याचं ठरवा. खाडी शेजारी आहे म्हणून पाणी आहे असं नसतं. ओहोटीला धक्क्यापाशी चिखल असतो आणि पंपाची सक्शन त्यात अडकते. खारं पाणी ओढल्यावर पंप गोड्या पाण्याने धुवावा लागतो, नाहीतर तो पुढच्या वर्दीला दगा देतो. कुठल्या वेळी बंब कुठे उतरवता येतो हे इथल्या रेती काढणाऱ्या आणि मासेमारी करणाऱ्या माणसांना तोंडपाठ आहे. ते त्या टेबलाशी हवेत, खुर्चीवर हवेत, दारात उभे नकोत.

मालाचं ठरवा. राज्याच्या २००६च्या अग्निप्रतिबंधक कायद्याप्रमाणे यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं प्रमाणपत्र मालकाने किंवा भोगवटादाराने दर जानेवारीत आणि जुलैत द्यायचं असतं. ते कागदावर असेल. कुठल्या रांगेत थिनर आणि कुठल्या रांगेत चादरी, हे मात्र प्रमाणपत्रात नसतं. ते माथाडी कामगाराला माहीत असतं, कारण सकाळी त्यानेच पाठीवरून उतरवलेलं असतं. आग लागल्यावर मॅनेजर फोनवर असतो आणि तो कामगार फाटकाबाहेर गर्दीत उभा असतो. १९४४मध्ये धुमसणाऱ्या त्या जहाजाच्या पोटात काय आहे हे सांगणारी कागदपत्रं होती. आग विझवायला आलेल्या पहिल्या माणसांच्या हातात ती नव्हती.

म्हणून माझी एक आगाऊ सूचना. त्या दिवशीच्या सरावात एका अधिकाऱ्याला एकच काम द्या: गर्दीतून असा कामगार शोधून काढायचा, त्याच्याशी अदबीने दोन मिनिटं बोलायचं, आणि जे कळलं ते वायरलेसवर सांगायचं. आवाज न चढवता. पहिल्या वर्षी त्या अधिकाऱ्याला वेळ लागेल. तो युनिफॉर्ममधल्या सवयीने आधी मॅनेजरकडे जाईल. जाऊ द्या, आणि त्यात किती मिनिटं गेली ती फळ्यावर लिहून ठेवा.

दादा, आता तुम्ही विचारा. मी थांबतो.